पांढरीवरचं पाणी

थंडी परत आली की जळगावच्या पिंप्राळ्यात ते आधी नाकाला कळतं. कुणाच्या तरी मोकळ्या प्लॉटवर तुरकाठ्या पेटतात, त्यात वांगी लोटली जातात आणि करपलेल्या सालीचा वास कॉलनीभर हिंडत राहतो. भरिताच्या पार्टीला आमच्याकडे आमंत्रणाची वाट कुणी पाहत नाही. वास आला की माणसं आपली येतात, यंदाच्या वांग्याला पहिल्यासारखी चव नाही म्हणतात आणि ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या तीन भाकरी खाऊन जातात. मीही त्यातलीच. पण हल्ली तो वास आला की माझ्या डोळ्यांसमोर आधी पाणी येतं. हिवाळी सकाळचं, धुकं पांघरून पडलेलं, जराही न हलणारं पाणी.

रंजना हे नाव मला वापरलेलं मिळालं. आधी ते माझ्या थोरल्या बहिणीचं होतं. तिला मी पाहिलेलं नाही, तिचा फोटो नाही, आणि ती कुणासारखी दिसायची हे सांगणारं आता कुणी उरलेलं नाही. बसायला शिकायच्या आतच ती तापानं गेली. तान्ह्या लेकराला आपल्यात जाळत नाहीत, पुरतात. त्याचं सुतक नावापुरतं, दहावं-तेरावं नाही, पित्रांत पान नाही. आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, तिला फडक्यात गुंडाळून नेलं आणि गावाबाहेर नाल्यापलीकडे चिंचेच्या पाराशेजारी पुरलं. बायकांनी तिकडे जायचं नसतं, म्हणून आई गेली नाही. उचलायच्या वेळी घरातलं कुणीतरी म्हणालं की पायातले चांदीचे वाळे काढून घ्या. एक निघाला. दुसरा अडकला, आणि ओढायला आईचा हात धजेना. असा एक वाळा लेकीच्या पायात गेला आणि एक आईच्या मुठीत राहिला.

पुढे धरण झालं. धुळ्याकडचं आमचं ते गाव धरणाच्या फुगवट्याच्या पाण्यात गेलं, ठेकेदारानं त्याआधी झाडं कापून नेली आणि माणसं वरच्या माळावर नव्या गावात राहायला आली. मी नव्या गावात जन्मले. गेलेल्या लेकराचं नाव पुन्हा ठेवू नये, असं जाणत्या बायकांनी बजावलं होतं. आईनं ऐकलं नाही.

लहानपणीची एक गोष्ट मला अजून तशीच आठवते. दिवेलागणीला आई ओट्यावर उभी राहून हाक मारायची, “रंजू वंऽऽ!” मी तिच्या मागेच चुलीपाशी असायचे. हाक माझ्याकडे यायचीच नाही. ती समोर जायची, उतारावरून, पाण्याच्या दिशेनं. मी मागून ‘ओ’ दिली की आई दचकायची.

शाळेत जायला लागल्यावर एकदा मी आईची पत्र्याची पेटी उघडली. लुगड्याच्या घडीत तो वाळा होता, काळा पडलेला. मला वाटलं माझाच असेल. पायात घालायला गेले तर तो टाचेवरूनही सरकेना. तेवढ्यात आई आली आणि तिनं मला मारलं. एरवी आई कधी हात उगारत नसे. मारून झाल्यावर मलाच पोटाशी धरून ती इतकी रडली की मी माझं रडणं विसरले. घरात आपल्याशिवाय आणखी कुणीतरी आहे हे मला त्या दिवशी कळलं. मग भीतीच बसली. दाराच्या चौकटीवर आबा माझी उंची खुणेनं मांडायचे, तेव्हा मला वाटायचं, खाली पाण्यात तिचीही उंची वाढत असणार, आणि ती माझ्यापेक्षा चार बोटं पुढेच असणार.

मी जळगावात एका सोनोग्राफी सेंटरमध्ये मदतनीस आहे. पेशंटला आत घ्यायचं, पोटावर जेल लावायचं, घाबरलेलीशी दोन शब्द बोलायचे, हे माझं काम. मशीनला हात लावायचा नाही, पण डोळ्यांवर काही बंदी नाही, आणि इतक्या वर्षांत स्क्रीन पाहून पाहून थोडंफार कळायला लागतं. मशीनचा आवाज आत जातो, कशावर तरी आपटतो आणि परत येतो. तो आवाज आपल्या कानांना ऐकू येत नाही एवढंच. लवकर परत आला तर ते जवळ, उशिरा आला तर लांब. लहानपणी विहिरीत खडा टाकून ‘डुबुक्’ व्हायला किती वेळ लागतो त्यावरून आम्ही पाणी किती खोल ते सांगायचो, त्यातलाच हा प्रकार. बाळाचे ठोके पाहायचे असले की डॉक्टर मॅडम हात अगदी स्थिर धरतात. मग स्क्रीनवर रेघा सरकत जातात आणि त्यांतली एक रेघ लाटांसारखी वरखाली होते. ती लाट दिसली की आईच्या चेहऱ्यावर जे येतं, त्यासाठी मी ही नोकरी सोडत नाही. कधीकधी रेघ सरळ जाते. तेव्हा मी जेल पुसायच्या कागदाच्या उगाचच घड्या घालत बसते.

ज्या हिवाळ्याबद्दल मी सांगतेय तो आबा गेल्यानंतरचा. आई आमच्याकडे राहायला आली होती. वरणात दोनदा मीठ पडायला लागलं होतं, कोपऱ्यावरच्या दुकानातून घरी यायला तिला रिक्षा करावी लागत होती, आणि रिक्षावाल्याला पत्ता सांगता येत नव्हता. मी तिला मेहरूणच्या तळ्यावर फिरायला न्यायची. लोक भरभर चालायचे, आई काठावर बसून पाणी निरखायची. एकदा पाण्यावरची नजर न काढता ती म्हणाली, “रंजू, मी बठ्ठं इसरी जाई ऱ्हायनू. ती जागा इसरनू तं मंग तिले कोन वळखी?” आणि पदराच्या गाठीतून तिनं तो वाळा काढला. “तिना वाळा तिले दी टाकूत, माय.”

एवढंच तिचं मागणं होतं. ती जागा ठाऊक असलेली ती एकटी उरली होती, आणि तिलाही ती ऐकूनच ठाऊक होती. आणि ते ठाऊक असणंच आता हातातून सुटत चाललं होतं. काठावर उभं राहून कुठेही वाळा टाकून दे, असं मी म्हणू शकले असते. नाही म्हणवलं.

नव्या गावचे भिका भाऊ भोई फुगवट्यात मासेमारी करतात. त्यांच्या भाच्यानं सुरतेहून त्यांना मासे शोधायचं यंत्र पाठवलं होतं. मोबाईलहून जरा मोठा स्क्रीन, मोटरसायकलची जुनी बॅटरी, आणि एका वायरच्या टोकाला काळा गट्टू. तो गट्टू बांबूला बांधून होडीच्या कडेनं पाण्यात सोडायचा. गट्टूतून आवाज खाली जाणार, परत येणार. ते कळल्यावर मला एकदम आमच्या सेंटरमध्ये आल्यासारखं वाटलं. फक्त पोट नदीचं.

भिका भाऊंनी त्या यंत्राचे किस्से रंगवून सांगितले. सुरुवातीला त्यात चित्रं दाखवायची सोय चालू होती. खालून जे काही परत येईल, काडी असो की बुडबुडा, यंत्र तिथे माशाचं चित्र काढायचं. पहिल्याच दिवशी स्क्रीन माशांनी भरलेला पाहून भाऊ घरी फोन करून मसाला वाटायला सांगून बसले. जाळ्यात आला तुराट्यांचा भारा. “मन्ही बायको आजबी इचारस, मशीननं आज काय दाखाडं, मटन का मच्छी?” मग भाच्यानं ती सोय बंद करून दिली आणि भाऊ खऱ्या खुणा वाचायला शिकले. मासा आवाजाच्या टप्प्यात कडेनं शिरतो तेव्हा तिरका, म्हणून जरा लांब असतो. बरोबर खाली आला की जवळ. निघून जाताना पुन्हा लांब. म्हणून त्याची कमान उमटते. गाळ आवाज गिळतो, तिथे तळाची रेघ बारीक, फिकी येते. दगडावरून आवाज जोरात फिरतो, तिथे पट्टा जाड, आणि दगड चांगला पक्का असला तर पाण्याच्या पृष्ठभागावर आपटून आवाज पुन्हा खाली जातो, पुन्हा येतो, आणि तळाखाली आणखी एक पुसट तळ दिसतो.

सगळ्यात अवघड गोष्ट मला समजून घ्यावी लागली ती वेगळीच. स्क्रीन म्हणजे पाण्याचा फोटो नव्हे. आत्ता खाली काय आहे ते फक्त उजव्या कडेच्या एका उभ्या रेघेत असतं. बाकी सगळं होऊन गेलेलं, डावीकडे सरकत चाललेलं. मधोमध दिसणारा मासा केव्हाच निघून गेलेला असतो. आईकडे पाहताना मला हल्ली असंच होतं.

आम्ही गेलो त्या दिवशी पारोळ्याच्या पुढे धुकं इतकं होतं की दिवे लावून गाडी हाकावी लागली. पाण्यावर बदकं होती, हिवाळ्यापुरती येणारी. आई शाल घेऊन होडीच्या मधल्या फळीवर बसली, मूठ मिटलेली. बरंच आत गेल्यावर भिका भाऊंनी इंजिन बंद केलं, चपला काढल्या आणि पाण्याला हात जोडले. “पांढरी उनी, अक्का.”

पांढरी आली, असं सांगत होते ते. पिकाची जमीन ती काळी आणि गाव वसतं ती पांढरी. गाव उठलं तरी पांढरी पांढरीच राहते. आमच्याकडचे भोई तिच्यावरून इंजिन चालवत जात नाहीत. थांबायचं, हात जोडायचे, पाण्यात फूल नाहीतर चिमूटभर हळद सोडायची, आणि मग वल्ह्यानं हळूच बाजूला होऊन पुढे निघायचं. आईनंही हात जोडले. खालचा मारुती, खालची घरं, सगळ्यांना मिळून एकच नमस्कार.

मी स्क्रीनकडे पाहिलं. तळाची रेघ पट्टीनं आखल्यासारखी सरळ चालली होती. ती रेघ मी ओळखत होते.

“देखा अक्का,” भिका भाऊ हळू आवाजात म्हणाले, “मी दर येळे आठे थांबस, दर येळे देखस. बठ्ठं सपाट शे. घर नही, पार नही. गाळखाले गयं बठ्ठं.”

“सपाट?” आई म्हणाली. तिनं पुन्हा विचारलं, “पारबी?”

भाऊंनी मान डोलावली. आईनं वाळा परत पदराच्या गाठीत बांधला. सपाटीवर टाकायला तिनं तो इतकी वर्षं सांभाळला नव्हता. मळ्यात चुलतभावानं आमच्यासाठी भरीत केलं होतं, वहिनी आग्रह करत होती, आई ताटातलं भरीत बोटानं पसरत राहिली. सपाट, सगळीकडून सारखं सपाट करत राहिली. मला तिच्याकडे बघवेना. ज्या बहिणीची मला आयुष्यभर भीती वाटली ती आता कुठेच नाही, हे ऐकून मला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. पण माझा जीव घाबराघुबरा झाला.

ताटावरून उठून हात धुताना माझ्या डोक्यात मॅडमचा हात आला. स्थिर धरलेला. तो स्थिर का धरतात? कारण खालचं हलत असतं. हात स्थिर असला तरच हृदयाची हालचाल दिसते. आणि इथे? इथे खाली काहीच हलत नाही. जे हलत नाही ते पाहायचं तर हलायला आपणच हवं. गाडी उभी करून कुणी रस्त्यावरचे खड्डे मोजतं का! होडी एका जागी थांबली की यंत्र खालचा तोच ठिपका पुन्हा पुन्हा काढत राहतं, ठिपक्याला ठिपका लागून सरळ रेघ होते. खाली डोंगर असता तरी सपाटच दिसला असता. भिका भाऊ दर वेळी मानानं थांबत होते, म्हणून दर वेळी त्यांना काहीच दिसत नव्हतं.

मी ओल्या हातानंच, आमच्याबरोबर जेवायला आलेल्या भिका भाऊंकडे गेले. त्यांना पटायला वेळ लागला नाही, पण ऐकून ते मागे सरले. “पांढरीवरथून इंजन चालू ठेईसन कसा जाऊ, ताई? देवळात चपला घालीसन जावाना मायक व्हई ते. पानी शे म्हनीसन काय गाव नही का?”

उत्तर आईनं दिलं, मळ्यातल्या घराच्या ओट्यावरून, आणि कितीतरी दिवसांनी तिच्या आवाजात जुना खणखणीतपणा होता. “भिका भाऊ, मी त्या गावनी सून शे. पांढरीले काय लागनं तं माले लागू द्या. सकायले चाला. थांबू नका.”

दुसऱ्या दिवशी सकाळी वारा पडलेला होता. भाऊंनी चपला काठावरच काढून ठेवल्या, आणि पांढरी जवळ आली तसं एका हातानं इंजिन धरून दुसरा हात छातीशी नेला. इंजिन मंद चालू राहिलं. आम्ही गावात शिरलो. दुसरा शब्द मला सुचत नाही.

कालची सरळ रेघ उठली. आधी बारीकसा उंचवटा, मग खाच, पुन्हा उंचवटा. रेघ जाड झाली आणि तिच्याखाली दुसरी पुसट रेघ उमटली. दगड. एक ताठ उभी बाजू आली, कुणाची तरी भिंत. तिच्या आडोशाला माशांच्या दोन-तीन कमानी, माजघरात बसल्यासारख्या. आई स्क्रीनकडे बघतच नव्हती. ती समोरच्या दोन टेकड्यांमधली फट बघत होती आणि तोंडानं हळूहळू म्हणत होती, “मारुती… आते वाट उतरस… आते नाला.” रेघ खोल गेली. आई बोलायची आणि काही क्षणांनी यंत्र तेच दाखवायचं. डोळे मिटून घरात चालावं तशी ती पाण्यावरून चालली होती.

नाल्यानंतर रेघ वर चढली आणि एक बुटका, सपाट माथ्याचा, जाड उंचवटा आला. खाली दुसरा तळ ठळक.

“नालापलीकडे पार,” आई म्हणाली. “हाऊच.”

आम्ही त्याच्यावरून परत फिरलो, पुन्हा गेलो, आडवे गेलो. प्रत्येक वेळी तो येत होता आणि डावीकडे सरकून जात होता. दिसत राहायचा तर आम्हाला जात राहावं लागत होतं. शेवटी आईनं भाऊंच्या हातावर हात ठेवला. “आते थांबा, भाऊ. आते माले देखनं नही शे.”

इंजिन बंद झालं. पाराची कड जराशी मागे गेली होती, आम्ही तिच्या शेजारच्या गाळावर होतो. रेघ पुन्हा सरळ झाली. आई बांबूकडे सरकली, गाठ सोडली, वाळा पदरानं पुसला. काळाच होता तो, पुसून काही निघालं नाही. तिनं हात पाण्यात मनगटापर्यंत बुडवला आणि मग बोटं उघडली.

स्क्रीनच्या वरच्या कडेला एक ठिपका उमटला. मग त्याच्या खाली, जरा पुढे, दुसरा. ठिपके जोडत एक बारीक तिरकी रेघ खाली उतरायला लागली. चांदीचा एवढासा तुकडा, पण तो आवाज परत पाठवत होता. रेघ अर्ध्यात आली, आणखी खाली आली, आईचा ओला हात माझ्या मनगटावर घट्ट आवळला गेला. मग ती रेघ तळाच्या फिक्या पट्ट्यात शिरली आणि वेगळी दिसेनाशी झाली.

“पोचना का?”

“पोचला, आई.”

“मंग चाला,” ती म्हणाली, आणि काठ येईपर्यंत तिनं मागे वळून पाहिलं नाही. मी पाहिलं. पाणी होतं तसंच होतं, बदकं परत येऊन बसली होती.

त्यानंतर काही महिने आई मला हाक मारायची तेव्हा हाक माझ्याकडेच यायची. मला ते सुख नवं होतं. मी मुद्दाम दुसऱ्या खोलीत जाऊन बसायची, तिनं हाक मारावी म्हणून. पण विसरणं थांबलं नाही. आधी माझ्या मुलांची नावं गेली, मग आबा गेल्याचं गेलं, मग त्या सकाळची होडी आणि भिका भाऊही गेले. एकदा मी तिला सगळं आठवून सांगितलं तर ती नवलानं ऐकत बसली आणि म्हणाली, बिचारी ती बाई.

आज सकाळी तिला अंगणात उन्हाला बसवलं होतं. शेजारच्या प्लॉटवर कुणीतरी तुरकाठ्या पेटवल्या होत्या, भरिताचा वास येत होता. मी तिच्यासमोर बसून तिच्या टाचांच्या भेगांना तेल चोळत होते. एकाएकी ती वाकली, माझं पाऊल दोन्ही हातांनी उचलून तिनं मांडीवर घेतलं आणि घोटा चाचपायला लागली. तिच्या चेहऱ्यावर इतकी घालमेल होती की मला ती पत्र्याची पेटी आठवली.

“रंजू,” ती म्हणाली, “तुना वाळा कथा गया वं माय?”

वाळा कुठे गेला, हे ती कुणाला विचारते आहे ते मला कळलं. लहानपणी ती हाक दुसरीकडे जायची आणि मी मागून ‘ओ’ द्यायची. या वेळी हाक समोर आली होती, आणि तिकडून ‘ओ’ देणारं माझ्याशिवाय कुणी नव्हतं.

“दोन्ही पायांत आहेत, आई,” मी म्हणाले. “हात लावून बघ.”

तिनं माझ्या उघड्या घोट्यावरून बोटं फिरवली, मग दुसऱ्या. सावकाश, गोल गोल. “शेतस, दोन्ही शेतस,” ती म्हणाली, आणि मान मागे टेकून उन्हात डोळे मिटले. तिचे हात माझ्या पायांवरच राहिले. मी बराच वेळ पाय हलवला नाही.